खुलासा: घोड्याच्या मानेतली चिप ठावठिकाणा सांगत नाही

सारंगखेड्याच्या घोडेबाजाराच्या तोंडावर एक मेसेज फिरतोय: "घोड्याला चिप बसवा, चोरीला गेला तर मोबाईलवर लोकेशन दिसेल." गेल्या आठवड्यात मीही तो पुढे ढकलला होता. चूक माझी.

ही चिप तांदळाच्या दाण्याएवढी. तिच्यात ना बॅटरी, ना जीपीएस. असतो फक्त 15 अंकी क्रमांक, आणि तोही रीडर मानेला जवळजवळ टेकवला तरच दिसतो. आमच्या घोडीला चिप टोचणाऱ्या डॉक्टरांनी रीडर हातभर लांब धरून दाखवला; पडदा कोराच.

म्हणून चिप वाया गेली असं नाही. घोडा सापडल्यावर तो आपलाच, हे तिच्यामुळे दाखवता येतं. फक्त क्रमांक आपल्या नावावर नोंदलेला हवा. चोराला लांबून दिसेल अशी खूण हवी असेल, तर द्रवरूप नायट्रोजनमध्ये गार केलेल्या शिक्क्याचा डाग आहे. गडद घोड्यावर तिथे पांढरे केस उगवतात. पांढऱ्यावर मात्र शिक्का जास्त वेळ धरून केसच कायमचे घालवावे लागतात (नुकरा, म्हणजे पांढरे घोडे पाळणाऱ्यांनो, आधी डॉक्टरांशी बोला).

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा टाका.