‘छंदाच्या नावाखाली लोकांना खड्ड्यात घालताय’ – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

नाणेसंग्रहाची सुरुवात कशी करावी, या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. रागाने लिहिलीय, पण मुद्द्याला धरून लिहिलीय. त्यामुळे दोन ओळींत आभार मानून मोकळं होणं मला पटेना.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमच्या वडिलांनी निवृत्तीनंतर आलेल्या पैशांतली बरीच रक्कम स्मारक नाण्यांच्या संचांत घातली. ‘दहा वर्षांत पाचपट’ असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. वडील गेल्यावर तुम्ही ते संच घेऊन बाजारात फिरलात, तेव्हा मुद्दलाच्या निम्मेही द्यायला कोणी तयार होईना. म्हणून तुमचं म्हणणं असं की, माझ्यासारखे लोक छंदाची गोडी लावतात आणि गिऱ्हाईक आयतं व्यापाऱ्याच्या दारात जातं. दुसरं, ‘शिवराईपासून (मराठेशाहीतल्या तांब्याच्या नाण्यापासून) सुरुवात करा’ असं मी सांगितलं, पण खरी-खोटी ओळखायची कशी हे एका ओळीत उरकलं. तिसरं, शेतात किंवा पाया खणताना सापडलेली नाणी गावाकडे स्वस्तात मिळतात, हा खरा मार्ग मी लपवला. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की, वडिलांच्या डब्यातला राणीछाप रुपया काळा पडलाय, तो पॉलिश करून विकावा का.

पहिला आक्षेप मला मान्य आहे. लेखाच्या मथळ्यात मी ‘छंद आणि गुंतवणूक’ असं लिहिलं होतं. गुंतवणुकीबद्दल आत जेमतेम एक परिच्छेद होता आणि तोही गुळमुळीत. तो शब्द आज काढलाय, कारण तुमच्या वडिलांना जे सांगितलं गेलं त्याच्या जवळपास जाणारं काहीही माझ्या लेखात राहायला नको.

पण ते संच वाढले का नाहीत, हे नीट समजून घ्या, कारण खरी गोम तिथेच आहे. स्मारक नाण्यांचे प्रूफ (आरशासारखे चकचकीत) आणि यूएनसी (कधीच न वापरलेले, कोरे) संच सरकारी टांकसाळ संग्राहकांसाठीच काढते आणि दर्शनी किमतीपेक्षा कितीतरी जास्त दराने विकते. ज्याला हवा तो मागवतो आणि कपाटात जपून ठेवतो. वापरात झिजून, वितळून, हरवून काही कमी होत नाही. सगळ्यांनीच जपलेली वस्तू दुर्मीळ होणार कशी?

याच्या उलट 1911 सालचा पंचम जॉर्जचा रुपया घ्या. राजाच्या झग्यावर हत्ती कोरला होता, पण सोंड अशी आखूड उतरली की लोकांना ते डुक्कर वाटलं. लोकांच्या धार्मिक भावना दुखावल्या. सरकारने नाणी मागे घेतली, बहुतेक वितळवली आणि 1912 पासून हत्ती सुधारून घेतला. जे थोडे डुक्करछाप रुपये लोकांच्या हाती उरले, त्यांना आज मागणी आहे. तेव्हा ते ‘गुंतवणूक’ म्हणून कोणी बाजूला ठेवले नव्हते. 1939 चा रुपयाही असाच. जुन्या कसाच्या चांदीचं ते शेवटचं वर्ष. त्यानंतर चांदी थेट निम्म्यावर आली आणि 1939 चे रुपये फारसे उरले नाहीत. म्हणूनच त्या सालाची खोटी नाणीही बनवली जातात, आणि 1939 आकडा दिसला की मी आधी संशयच घेते.

दुसरी गोष्ट भावाची. दुकानात आपण मोजतो तो त्याचा विक्रीचा भाव, आणि विकायला गेलो की हातात पडतो तो त्याचा खरेदीचा भाव. शेअरसारखा रोजचा भाव इथे नसतो. ही दरी भरून निघायलाच वर्षं जातात, तीही नाणं चांगलं असेल तर. हे मी मूळ लेखात लिहायला हवं होतं.

तरी तुमच्याकडचे संच रद्दीच्या भावात देऊन टाकू नका. पाकिटं फोडू नका, नाण्यांना बोट लावू नका. आधी वर्षं आणि धातू बघा. 1969 च्या गांधी शताब्दीच्या दहा रुपयांसारखी नाणी त्यात असतील, तर ते 15 ग्रॅमचं नाणं आहे आणि त्यात 80 टक्के चांदी आहे. म्हणजे चांदीचा भाव तरी कुठे जात नाही. ज्या व्यापाऱ्याने आकडा सांगताना संच उघडून वर्षंसुद्धा पाहिली नाहीत, त्याचा आकडा धरून बसू नका.

आता शिवराई. इथे तुम्ही माझी चूक अचूक पकडलीत. सुरुवातीला शिवराईच घ्या असं मी का म्हणते, तर ती नवशिक्याच्या खिशाला परवडते आणि डोळ्याला शिकवते. छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळात सुरू झालेलं हे तांब्याचं नाणं पुढे दीड शतकाहून अधिक काळ, पेशवाई संपल्यावरही, पाडलं जात राहिलं. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’. उत्तरकाळातली दुदांडी शिवराई, म्हणजे जिच्यावर अक्षरांच्या ओळींमध्ये दोन आडव्या दांड्या असतात ती, आजही मुबलक मिळते. महाराजांच्या काळातली शिवराई त्या मानाने कमी. आणि सोन्याचा शिवराई होन तर इतका दुर्मीळ आहे की ‘ओळखीतून मिळतोय’ म्हणणाऱ्यापुढे हात जोडून निघून यावं.

एक शिवराई आत्ता माझ्यासमोर टेबलावर आहे. चकती ठशापेक्षा लहान, त्यामुळे ‘श्री’चा वरचा भाग कडेबाहेर गेलाय. ‘राजा’ पूर्ण आहे, ‘शिव’मधला ‘व’ अर्धा. भोवतीच्या बिंदूंच्या वर्तुळातले डावीकडचे सहा-सात बिंदू तेवढे दिसतात. कड एका जागी तडकलीय, कारण हातोड्याचा घाव बसला की चकती पसरते आणि कडेला फाटते. अक्षरं झिजलीत, पण त्यांच्या मुळाशी, जिथे अक्षर आणि पृष्ठ एकमेकांना भेटतात, तिथे रेघ अजून कडक आहे. रंग चॉकलेटी, खोलगट जागी जवळजवळ काळा.

आता खोटी कशी असते? ती बहुधा साच्यात ओतलेली असते. भिंगातून पाहिलं तर पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात, कारण ओतताना हवेचे बुडबुडे अडकतात. अक्षरं साबणावर उमटवल्यासारखी गुळगुळीत, मुळाशी गोलसर. कडेवर बोट फिरवलं तर कधी साच्याच्या जोडाची बारीक रेघ लागते, किंवा ती कानशीने घासल्याच्या खुणा लागतात. पण मला सगळ्यांत भरवशाची वाटणारी खूण वेगळी आहे. एका किल्ल्याच्या पायथ्याशी, पथारीवर पाच शिवराया मांडल्या होत्या. त्यांतल्या तिघींवर ‘श्री’ एकाच जागी कापलेला, तडाही त्याच जागी, तितकाच लांब. हाताने ठोकलेल्या दोन नाण्यांवर ठसा कधीही इतका तंतोतंत एकाच जागी बसत नाही. तीन जुळ्या म्हणजे तिघींची आई एकच, रबराचा साचा. हे पुस्तकात वाचून कळलं नसतं. त्याआधी खऱ्या पन्नासएक शिवराया हातात घेऊन पाहिल्या होत्या, म्हणून नजर अडखळली.

तेव्हा सुरुवात करणाऱ्याला मी आता असं सांगेन: पहिले सहा महिने विकत काहीच घेऊ नका, फक्त बघा. मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय आहे. नाशिकजवळ अंजनेरीला 1980 साली डॉ. परमेश्वरीलाल गुप्त आणि के. के. माहेश्वरी यांनी उभी केलेली नाणकशास्त्राची संस्था आहे, तिथलं संग्रहालय बघायला एक दिवस हाताशी ठेवून जा. पुण्यात कॉइनेक्स हे नाण्यांचं प्रदर्शन भरतं तेव्हा जुने संग्राहक भिंग हातात देऊन समजावतात, पैसे न घेता. आणि घरातले डबे उघडा. 1947 चा वाघाचा रुपया अनेक घरांत ‘चांदीचा’ म्हणून जपलेला असतो. त्याला लोहचुंबक लावून बघा, चिकटेल. तो शुद्ध निकेलचा आहे. चांदी चुंबकाला चिकटत नाही. हा धडा फुकट मिळतो आणि आयुष्यभर पुरतो. अलीकडच्या नाण्यांवर सालाखाली बघा: पत्त्यांतल्या चौकटसारखी खूण म्हणजे मुंबई, तारा म्हणजे हैदराबाद, ठिपका म्हणजे नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. खिशातल्या चिल्लरीतून एकाच वर्षाची चारही टांकसाळींची नाणी जमवायला बसलं तर डोळा आपोआप तयार होतो.

मोबाईलवर फिरणाऱ्या जाहिरातींबद्दल एवढंच: वैष्णोदेवीचं नाणं लाखांना जात नाही. रामदरबाराचं, ‘ईस्ट इंडिया कंपनी 1818’ लिहिलेलं नाणं कंपनीने कधी पाडलंच नाही. आणि जुनी नाणी विकून देतो म्हणून रिझर्व्ह बँकेच्या नावाने कोणी शुल्क मागत असेल तर तो चोर आहे. बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये तसा जाहीर इशाराही दिलाय.

तुमच्या तिसऱ्या मुद्द्यावर मात्र मी अजिबात मागे हटणार नाही. शेतात सापडलेली नाणी ‘स्वस्तात’ घेणं हा मार्ग मी लपवला नाही, मुद्दाम सांगितला नाही, कारण तो मार्गच नव्हे. 1878 चा निखात निधीचा कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेला ऐवज सापडला आणि त्याची किंमत दहा रुपयांच्या वर असली, की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं. पण कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं, आणि त्याचं कारण नाशिक जिल्ह्यातच आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जोगलटेंभीला नाण्यांचा साठा मिळाला. चांदीची तेरा हजारांहून जास्त नाणी, क्षत्रप नहपानाची. त्यांतल्या दोनतृतीयांशांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. खाली नहपानाचा चेहरा, वर सातवाहनाची चिन्हं. नाशिकच्या लेण्यांतल्या शिलालेखात गौतमीपुत्राने क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, वंश संपवल्याचं लिहिलंय. ती राजघराण्याची स्तुती म्हणून सोडून देता आली असती. या साठ्याने तिला चांदीची साक्ष दिली. आता कल्पना करा, तीच नाणी पाच-पाच, दहा-दहा करून तुमच्या-माझ्यासारख्यांनी ‘स्वस्तात’ उचलली असती तर? एकेका नाण्यावर दोन ठसे दिसले असते, पण किती नाण्यांवर आहेत आणि किती नाण्यांवर नाहीत, हा हिशेब कायमचा गेला असता. नाणं मिळालं असतं, इतिहास गेला असता. माझा जीव या गोष्टीसाठी तुटतो. कृपा करून असं नाणं कोणी दाखवलं तर घेऊ नका, त्याला तहसील कचेरीचा रस्ता दाखवा.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी असलेल्या लेकीला आजीचा रुपया पाठवायचा बेत अनेकांचा असतो, प्रेमाने असतो, पण तो इथेच ठेवा.

राहिला तुमचा काळा रुपया. पॉलिश करू नका. चिंच नको, रांगोळी नको, टूथपेस्ट नको. माझ्या आजीच्या डब्यातला असाच एक रुपया मी अकरावीत असताना रांगोळीने घासून लख्ख केला होता. राणीच्या गालावर आणि केसांवर बारीक ओरखडे उठले, ते आजही तिरप्या उजेडात धरलं की दिसतात. त्याची किंमत आता निव्वळ चांदीची उरलीय. काळपटपणा हे चांदीने दीडशे वर्षांत अंगावर चढवलेलं पांघरूण आहे, आणि जाणकार गिऱ्हाईक तेच बघून पैसे देतं.

नाणं कडेने धरून वजन करा, 11.66 ग्रॅमच्या आसपास भरायला हवं, झिजेमुळे जरा कमी. राणीच्या नावापुढे ‘क्वीन’ आहे की ‘एम्प्रेस’ ते वाचा. ‘एम्प्रेस’ असेल तर ते 1877 किंवा नंतरचं. ‘क्वीन’ आणि साल 1862 असेल तर मागच्या बाजूचे ठिपके मोजा, कारण 1862 हे साल नाण्यावर पुढे बरीच वर्षं तसंच ठेवलं होतं आणि मुंबईच्या टांकसाळीची नाणी ठिपक्यांवरूनच वेगळी ओळखतात. मऊ प्लॅस्टिकच्या अल्बममध्ये असेल तर आजच बाहेर काढा, त्याने हिरवट चिकट थर चढतो. साध्या कागदी पाकिटात ठेवलं तरी चालेल.

मग दोन्ही बाजूंचे आणि कडेचा असे तीन फोटो, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता काढून इथेच टाका. वडिलांच्या संचांवरची वर्षंही लिहा. काय आहे, काय नाही, ते आपण एकेक करून बघू.