‘भंगारात गेलेल्या बोटीला कसला इतिहास?’ : ‘स्पष्टवक्ता’ यांना उत्तर

‘ऑलिंपिक’वरच्या माझ्या लेखाखाली ‘स्पष्टवक्ता’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. उत्तर तिथेच लिहायला बसलो, पण ते त्या चौकटीत मावेना, म्हणून वेगळं टाकतोय. मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी: ‘ऑलिंपिक’ म्हणजे ‘टायटॅनिक’ची थोरली बहीण. बेलफास्टच्या त्याच गोदीत बांधलेली, १९११ ते १९३५ अटलांटिकवर धावलेली आणि शेवटी तोडायला दिलेली बोट. ती आज कुणाला आठवत नाही म्हणून मी हळहळलो होतो. त्यावर हे गृहस्थ (की बाई, कळायला मार्ग नाही) लिहितात:

“लेख लांबलचक आणि रडका. बुडाली ती लक्षात राहिली, बाकीच्या विसरल्या गेल्या, यात नवल काय? भंगारात गेलेल्या बोटीला कसला इतिहास? अमेरिकेचे स्थलांतराचे कायदे, मंदी, कंपन्यांचं विलीनीकरण ही खरी कारणं. त्यांवर दोन ओळी आणि फर्निचरवर दोन पानं. तळात कोळसा ओतणाऱ्यांचा उल्लेखही नाही. शिवाय साहेबाच्या बोटींचं कौतुक मराठीत कशाला? गूगलवरून उचलून चार अश्रू मिसळले की लेख होत नाही.”

आधी सुराबद्दल बोलू. मतभेद असावेत, टीका तर जरूर व्हावी. मी काही दुधखुळा नाही. पण ‘रडका’? आणि ‘गूगलवरून उचलून’ म्हणजे सरळ सरळ चोरीचा आळ झाला. हा ब्लॉग लिहायचे मला कुणी पैसे देत नाही. रात्री घरातली निजानीज झाली की लिहायला बसतो, एकेका सालासाठी दोन-दोन पुस्तकं उघडतो, आणि त्यावर कुणीतरी दीड मिनिटात ‘उचललंय’ असं लिहून मोकळा होतो. घरी या, पुस्तकांचं कपाट दाखवतो, असं म्हणणार होतो. पण ज्यांना स्वतःचं नाव लिहायचा धीर होत नाही त्यांना पत्ता कशाला द्या?

लेख लांबला, हे मात्र मान्य. आमच्या घरातूनही तोच अभिप्राय आला होता. हा मुद्दा तुमचा, घ्या.

आता त्या एका वाक्याकडे येतो, कारण मला खरा चटका त्याचाच बसला. ‘भंगारात गेलेल्या बोटीला कसला इतिहास?’

माझे वडील मुंबईच्या दारूखान्यात गॅस कटर होते, म्हणजे गॅसच्या ज्योतीने बोटींचं पोलाद कापायचे. रे रोड स्टेशनच्या पूर्वेला, समुद्राच्या अंगाला, जिथे आजही बोटी तोडतात तिथे. उधाणाच्या भरतीला बोट चिखलात चढवायची, ओहोटीला ती पोटावर बसली की तिच्या अंगाला भिडायचं, ही त्यांची नोकरी. प्लेट कापण्याआधी ते कापायच्या रेषेवरचा रंग खरवडून घेत, कारण ज्योतीखाली जुना रंग पेटला की त्याचा धूर छातीत बसतो. खरवडताना थर दिसत: वर करडा, त्याखाली पांढरा, मग हिरवा, सगळ्यांत तळाला तांबडा. जितके थर तितके मालक बदललेले, असा त्यांचा ठोकताळा होता. आणि नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, तिचं नाव वेल्डिंगच्या उंचवट्याने काढलेलं असतं. नवा मालक त्यावर रंग फासून आपलं नाव घालतो, पण जुनी अक्षरं रंगाखाली तशीच राहतात. वडील त्यांवरून बोटं फिरवून पहिलं नाव सांगत. इंग्रजी शाळेत न गेलेला माणूस एकेक अक्षर चाचपून ओळखायचा. ज्या धुराच्या धास्तीने ते रंग खरवडायचे तो धूर शेवटी त्यांच्या छातीत बसलाच. ज्या यार्डात ते होते त्याने औषधपाण्याचा एक पैसा दिला नाही. नाव लिहीत नाही, ते यार्ड आता उरलेलंही नाही. तेव्हा भंगाराला इतिहास नसतो हे मला सांगू नका. सांगायचंच तर निदान आपल्या खऱ्या नावाने सांगा.

बरं, घरचं राहू द्या. ‘ऑलिंपिक’चंच बघू.

ती एप्रिल १९३५ मध्ये न्यूयॉर्कहून शेवटची परतली. सर जॉन जार्व्हिस नावाच्या खासदाराने ती सुमारे लाखभर पौंडांना विकत घेतली. हौस म्हणून नाही हो! इंग्लंडच्या ईशान्येला टाइन नदीकाठी जॅरो नावाचं गाव आहे. तिथली पामर्स ही जहाजबांधणीची गोदी मंदीत बंद पडली होती आणि गावातले बहुतेक पुरुष बेकार बसले होते. त्यांच्या हाताला काम मिळावं म्हणून त्याने ती बोट तिथे तोडायला पाठवली. ऑक्टोबर १९३५ मध्ये ती टाइनच्या मुखाशी आली. ज्या लोकांनी आयुष्यभर बोटी बांधल्या त्यांच्या हातात आता बोट तोडायचं काम आलं, आणि ते मिळाल्याबद्दल त्यांना आनंद मानावा लागला. तेही पुरलं नाहीच. वर्षभरानंतर, ऑक्टोबर १९३६ मध्ये, याच गावातले २०० पुरुष कामाची मागणी घेऊन लंडनपर्यंत पायी गेले. महिनाभराची चाल. ब्रिटनच्या कामगार चळवळीत तो मोर्चा आजही नाव घेऊन सांगतात. ते निघाले तेव्हा ‘ऑलिंपिक’ त्यांच्याच गावात अर्धीमुर्धी कापलेली उभी होती. वरचे मजले उतरवून झाल्यावर उरलेला सांगाडा १९३७ मध्ये स्कॉटलंडमध्ये इन्व्हरकीदिंगला ओढून नेला आणि तिथे संपवला.

यात इतिहास नाही? मग इतिहास म्हणजे काय, फक्त हिमनग?

आणि ज्या ‘फर्निचर’वर तुम्ही नाक मुरडलंत त्याबद्दलही दोन शब्द. मोडीत काढण्याआधी बोटीवरचं सामान लिलावात गेलं. नॉर्थंबरलँडमधल्या ॲल्निक गावात व्हाइट स्वान नावाचं हॉटेल आहे, तिथल्या जेवणाच्या दालनाला ‘ऑलिंपिक’च्या पहिल्या वर्गाच्या दिवाणखान्याचं लाकूडकाम लावलेलं आहे. लोक आजही तिथे लग्नाच्या पंगती झोडतात. काही लाकूडकाम हॉल्टव्हिसलच्या एका रंगाच्या कारखान्यात गेलं. ‘मॉरिटानिया’चंही तसंच झालं: वीस वर्षं अटलांटिकवरच्या वेगाचा मान मिरवलेली ही बोट १९३५ मध्ये स्कॉटलंडमधल्या रोझाइथला तोडली आणि तिचं लाकूड ब्रिस्टलच्या एका मद्यालयात बसवलं. ‘टायटॅनिक’चं यातलं काय उरलं? तुम्ही ‘टायटॅनिकचा भव्य जिना’ म्हणून जे जुने फोटो पाहता (आणि पाहिले असणार, गूगल तुम्हालाही येतं), ते ‘ऑलिंपिक’च्या जिन्याचे आहेत. ‘टायटॅनिक’च्या त्या जिन्याचा फोटो उपलब्धच नाही. बुडालेलीला प्रसिद्धी मिळाली ती तोडलेल्या बहिणीचा चेहरा लावून.

‘बुडाली ती लक्षात राहते’ हा तुमचा सिद्धांतही तपासून बघू, आणि मराठी माणसाच्याच उदाहरणावर. सावरकर जून १९०६ मध्ये मुंबईहून विलायतेला निघाले ते ‘पर्शिया’ बोटीने. ती पी अँड ओ कंपनीची ‘पर्शिया’ ३० डिसेंबर १९१५ रोजी क्रीटजवळ जर्मन पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडाली, तीनशेहून अधिक माणसं गेली. तुमच्या हिशेबाने ती आपल्याला तोंडपाठ हवी. किती जणांना ठाऊक आहे? उलट ८ जुलै १९१० ला मार्सेच्या बंदरात ज्या बोटीतून त्यांनी उडी घेतली ती ‘मोरिया’ शाळेतल्या पोरालाही माहीत असते. ‘मोरिया’ कुठे बुडाली? कुठेच नाही. पहिल्या महायुद्धातून सहीसलामत सुटली, पुन्हा उतारू नेऊ लागली आणि १९३० मध्ये जपानमध्ये भंगारात गेली. त्या उडीवर आपल्याकडे भाषणं किती झाली, धडे किती आले. त्या बोटीचं पुढे काय झालं हे कुणी विचारलं नाही. हा माझा मूळ लेखातला मुद्दा होता. तो तुमच्या नजरेतून निसटला की तुम्ही तिथवर वाचलंच नाहीत, देव जाणे.

आणि १९७१ च्या युद्धातली आपली ‘विक्रांत’? तीही २०१४ मध्ये आमच्या दारूखान्यातच तोडली. तिच्या पोलादाचा अंश घालून बजाजने मोटारसायकल काढली तेव्हा लोकांनी ती अभिमानाने घेतली, टाकीवरचा बिल्ला पाहुण्यांना दाखवला. त्यांना जाऊन सांगा, भंगाराला इतिहास नसतो म्हणून. मी लांब उभा राहून बघतो.

राहिले बाकीचे मुद्दे. अमेरिकेचे १९२१ आणि १९२४ चे कायदे, त्यांमुळे तिसऱ्या वर्गाचे उतारू आटले, मग मंदी, मग क्युनार्डला आपली ‘क्वीन मेरी’ ही नवी बोट पुरी करायला सरकारी कर्ज हवं होतं म्हणून १९३४ मध्ये क्युनार्ड आणि ‘ऑलिंपिक’ची मालक व्हाइट स्टार या दोन कंपन्यांना सरकारने एका मांडवाखाली आणलं, आणि जुन्या बोटी नकोशा झाल्या. हे सगळं खरं आहे आणि कुठेही सहज वाचायला मिळतं. ते मी पुन्हा का लिहावं? अर्थशास्त्राचा निबंध लिहायचा माझा विचार नव्हता. दोन ओळी पुरे होत्या, दोन ओळी दिल्या. एकीकडे लेख लांबला म्हणायचं आणि दुसरीकडे हे राहिलं, ते राहिलं अशी यादी द्यायची, यातलं एक काय ते ठरवा.

कोळसेवाल्यांचं म्हणाल तर घ्या. ‘टायटॅनिक’ बुडून दहा दिवसही झाले नव्हते, २४ एप्रिल १९१२, साउदॅम्प्टन. ‘ऑलिंपिक’ सुटायच्या बेतात होती. घाईघाईने चढवलेल्या घडीच्या लाइफबोटी समुद्रात टिकणार नाहीत असं म्हणून बॉयलरवरचे पावणेतीनशेहून अधिक कामगार सामान उचलून बोटीवरून उतरले. कंपनीने बाहेरून माणसं आणली, तर संघटनेत नसलेल्या या लोकांबरोबर जाणार नाही म्हणत खलाशीही उतरले. त्यांतल्या ५४ जणांवर बंडाचा खटला झाला. न्यायाधीशांनी गुन्हा शाबीत ठरवला आणि शिक्षा न देता सोडून दिलं. फेरी रद्द झाली ती झालीच. कामगारांचा कळवळा तुम्हाला माझ्याहून जास्त असेल असं मला वाटत नाही. माझ्या घरात तो रोज संध्याकाळी खोकत यायचा.

‘साहेबाच्या बोटी’ या शेऱ्याला खरं तर उत्तर द्यायची गरज नाही. पी अँड ओच्या डेकवर रत्नागिरीकडचे खलाशी होते आणि जेवणघरात गोव्याचे लोक. कोकणात आणि गोव्यात आजही घराघरांत कुणाचा तरी आजा-पणजा ‘बोटीवर होता’. साहेब उतारू म्हणून चढायचा आणि उतरून जायचा; बोटीवर राहायची आपली माणसं. तुमच्या घराण्यात कुणी बोटीवर नसेल, तो तुमचा दोष नाही.

तुमची प्रतिक्रिया मी उडवलेली नाही, ‘उचलून’ या शब्दासकट लेखाखाली तशीच ठेवली आहे. ती काढा असा आग्रह दोन-तीन वाचकांनी केला होता, तरीही. मात्र यापुढे चोरीचा आरोप करायचा तर कुठलं वाक्य कुठून घेतलं ते दाखवून करा. नुसतं ठोकून द्यायचं असेल तर तशा जागा नेटवर पुष्कळ आहेत.

पुढचा लेख ‘ॲक्विटानिया’वर आहे. १९१४ ची बोट, दोन्ही महायुद्धांत सैनिक वाहिले, चार धुराड्यांची शेवटची उरलेली आणि १९५० मध्ये स्कॉटलंडमध्ये फास्लेनला तोडलेली. तीही बुडालेली नाही, तेव्हा तुम्ही नाही वाचलात तरी चालेल.