पदराखालचा लिफाफा आणि रिमोटवरचं एडीचं बटण

मराठी मालिकेतला एक नेहमीचा प्रसंग. स्वयंपाकघरातलं बोलणं थांबतं, पार्श्वसंगीत चढतं, तीन सेकंद कुणी काही बोलत नाही आणि जाहिराती सुरू होतात. त्या तीन सेकंदांत सासूबाईंनी ओट्यावरचा लिफाफा उचलून पदराखाली लपवलेला असतो. पुढचे चार भाग घरभर त्याच लिफाफ्याची शोधाशोध चालते. ज्याला दिसत नाही त्याला लिफाफा नाहीसा झाला एवढंच कळतं, आणि तेही दोन दिवसांनी, कुणीतरी मोठ्यानं बोलून दाखवल्यावर.

ब्रिटनमध्ये टीव्हीवर अशा रिकाम्या जागेत एक आवाज येतो, काय घडलं ते एका वाक्यात सांगतो आणि बाजूला होतो. हे ऑडिओ डिस्क्रिप्शन. रोज वापरणारे नुसतं एडी म्हणतात. भारतात गेली काही वर्षं एडीवर बोललं जातंय, पण ते सगळं बोलणं चित्रपटगृह आणि ओटीटी यांच्याभोवती फिरतं. रोज रात्री घरात लागणारी मालिका त्यात येतच नाही. मराठीत सुरुवात त्या मालिकेपासून व्हायला हवी, असं मला ठामपणे वाटतं.

आधी आपल्याकडचा कायदा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016, कलम 42: इलेक्ट्रॉनिक माध्यमं सर्वांना वापरता यावीत म्हणून सरकारनं काय करायचं ते त्यात लिहिलंय, आणि त्या यादीत ऑडिओ डिस्क्रिप्शन अगदी पहिलं आहे. मग सप्टेंबर 2019 मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयानं टीव्ही कार्यक्रमांसाठी मानकं काढली, ती मात्र फक्त श्रवणबाधितांसाठी. दृष्टिहीन प्रेक्षक तिथे गळला. जानेवारी 2023 मध्ये ‘पठाण’च्या वेळी दिल्ली उच्च न्यायालयानं निर्मात्यांना ओटीटीवर येण्याआधी एडी आणि सबटायटल्स तयार करायला सांगितलं. मार्च 2024 मध्ये चित्रपटगृहांसाठी मार्गदर्शक तत्त्वं आली: एकाहून अधिक भाषांत प्रमाणित होणाऱ्या चित्रपटांना या सोयी द्यायला सहा महिने, बाकीच्यांना दोन वर्षं. ऑक्टोबर 2025 मध्ये ओटीटीसाठी मसुदा आला. हे सगळं चांगलंच आहे. पण 2011 च्या जनगणनेत देशात दृष्टिदोष असलेल्या 50 लाखांहून जास्त लोकांची नोंद आहे. त्यातले किती जण महिन्याला एकदा तरी मल्टिप्लेक्सला जात असतील? टीव्ही मात्र घरोघरी रोज लागतो.

आता इथलं, म्हणजे ब्रिटनमधलं. 2003 च्या कम्युनिकेशन्स अ‍ॅक्टनं एडीचं प्रमाण ठरवण्याचं काम ऑफकॉम या प्रसारण-नियामक संस्थेकडे दिलं. बंधन 10 टक्के कार्यक्रमांचं आहे. बीबीसी, आयटीव्ही, चॅनल 4 यांसारख्या मोठ्या वाहिन्यांनी स्वतःहून 20 टक्के कबूल केले. सबटायटल्सचं बंधन बहुतेक वाहिन्यांना 80 टक्के आहे, हे शेजारी ठेवून पाहिलं की एडीची पायरी कुठली ते कळतं. मागणीनुसार पाहायच्या सेवांवर तर बंधनच नव्हतं. ते 2024 च्या मीडिया अ‍ॅक्टनं आणलं, तेही मोठ्या सेवांपुरतं आणि चार वर्षांत 10 टक्के गाठायचं. तेव्हा इथे स्वर्ग आहे असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण त्या 10-20 टक्क्यांत काय निवडलं जातं ते पाहण्यासारखं आहे.

इथल्या दृष्टिहीन प्रेक्षकाच्या आठवड्याचा कणा म्हणजे ‘ईस्टएंडर्स’ आणि ‘कोरोनेशन स्ट्रीट’. म्हणजे मालिकाच. दोन्हींना एडी असतं आणि मालिकेचं एडी हे सगळ्यात कसाचं काम आहे, कारण मोकळी जागा फार थोडी असते. ‘ईस्टएंडर्स’चा भाग ढोलाच्या ठोक्यांवर संपतो आणि त्याआधी कॅमेरा एका चेहऱ्यावर थांबतो. त्या चेहऱ्यावर काय आहे ते सांगायला वर्णन करणाऱ्याला एका श्वासाची जागा मिळते. ती साधली तर दुसऱ्या दिवशी कामावर सगळ्यांबरोबर त्या भागावर बोलता येतं. गुन्हेकथांत एडी सगळ्यात जास्त कामी येतं, तिथे शांतता लांब असते आणि धागेदोरे नजरेनंच मिळतात. पाककृतींच्या कार्यक्रमात ‘आता हे इतकं घालायचं’ यातलं ‘इतकं’ म्हणजे किती, हे फक्त एडी सांगतं. निसर्गपटांत निवेदक आधीच बोलत असतो, त्यामुळे एडीला फट मिळत नाही आणि पुष्कळदा अर्धवट समाधान होतं. प्रश्नमंजूषेला एडी जवळजवळ लागतच नाही; निवेदकानं पर्याय मोठ्यानं वाचले की पुरे. ज्या कार्यक्रमाला गरज नाही त्याला एडी लावून टक्केवारी भरण्यापेक्षा ती मिनिटं मालिका आणि गुन्हेकथांना द्यावीत, हे इथे शिकायला वेळ लागला. आपण तो वेळ वाचवू शकतो.

आपल्याकडून येणारे आक्षेप ठरलेले असतात. मालिकेत सगळे सारखे बोलतच असतात, मग वर्णन कशाला? शेजारी बसलेलं कुणीतरी सांगतंच की. आणि मालिकेचा भाग आदल्या दिवशी तयार होतो, वर्णन करायचं कधी?

दुसऱ्या आक्षेपाचं उत्तर सोपं आहे. शेजारचा माणूस सांगतो तेव्हा पुढचा संवाद बुडतो, आणि तो उठून गेला की गोष्टही जाते. स्वतःच्या घरात, स्वतःच्या वेळेला, कुणालाही न विचारता मालिका पाहता येणं ही साधी मागणी आहे. पहिल्या आक्षेपात मात्र थोडं तथ्य आहे, म्हणून त्याच लिफाफ्याकडे परत जाऊ.

तीन सेकंद आहेत. पहिला मसुदा: ‘सासूबाई ओट्यावरचं पाकीट उचलून पदराखाली लपवतात.’ सहा शब्द. सावकाश वाचले तर शेवटचा शब्द जाहिरातीच्या संगीतात जातो. आणि मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणजे गेला तो नेमका ‘लपवतात’. इंग्रजी वाक्याचं शेपूट कापलं गेलं तर एखादा तपशील जातो. मराठीत सगळी घटनाच जाते. म्हणून मराठी वर्णन लिहिताना क्रियापदाला आधी जागा राखायची आणि उरलेल्या जागेत बाकीचं बसवायचं. दुसरी अडचण ‘पाकीट’. ते पैशाचं की पत्राचं? ऐकणाऱ्याला मागे जाऊन पाहता येत नाही. ‘लिफाफा’ म्हटलं की प्रश्न मिटतो. आणि ओटा आधीच्या संवादात येऊन गेलाय, तो गाळा. हाती उरतं: ‘सासूबाई लिफाफा पदराखाली लपवतात.’ चार शब्द, दोन सेकंदांत बसतात, संगीताला एक सेकंद मोकळा राहतो. ‘कपटीपणानं’, ‘घाबरून’ असलं काही घालायचं नाही. हात थरथरत असेल तर हात थरथरतो म्हणायचं, अर्थ ऐकणारा लावेल.

आता ‘सासूबाई’ कुणाच्या? एकत्र कुटुंबाच्या मालिकेत एकच बाई एकीची सासू, दुसरीची जाऊ, तिसऱ्याची आई आणि चौथ्याची काकू असते. संवादांत ही सगळी नाती येतात. वर्णनानं एकच नाव धरायचं आणि वर्षभर सोडायचं नाही. लिहिणारे चार जण असतील तर पात्रांच्या नावांचा तक्ता पहिल्या दिवशी हवा. मग आदरार्थी रूप: आजी ‘उठते’ की ‘उठतात’? इंग्रजीत हा प्रश्नच येत नाही, त्यामुळे इथली मार्गदर्शक पुस्तिका उचलून भाषांतर केली तर त्यात उत्तर सापडणार नाही. माझ्या मते वडीलधाऱ्यांना आदरार्थीच हवं, मराठी कानाला दुसरं खटकतं. पण एकदा ‘इन्स्पेक्टर येतात’ म्हटलं की तो लाच घेताना सापडल्यावर ‘येतो’ करायचं नाही. तो वर्णनानं केलेला निवाडा झाला.

मराठी क्रियापद लिंग सांगतं, याचा फायदाही आहे आणि धोकाही. ‘दार लोटून आत येते’ एवढ्यावर बाई आली हे कळतं, नाव घ्यावं लागत नाही, अर्धा सेकंद हाती लागतो. पण रेनकोट घालून जिना चढणारा खुनी बाई की पुरुष हे प्रेक्षकाला कळू द्यायचं नसेल, तर ‘चढतो’ म्हटल्यानं रहस्य फुटतं. तिथे ‘आकृती’ किंवा ‘व्यक्ती’ कामाला येते. दोन्ही शब्द मुळातच स्त्रीलिंगी, त्यामुळे ‘आकृती जिना चढते’ यातून काहीच उघड होत नाही. असल्या युक्त्यांचा साठा मराठीतच तयार व्हावा लागेल, बाहेरून आणता येणार नाही.

त्यासाठी माणसं नाहीत, हे मला पटत नाही. आकाशवाणीच्या श्रुतिका आणि नभोनाट्यं लिहिणाऱ्यांची परंपरा आपल्याकडे आहे. बाळ ज. पंडितांनी क्रिकेटचं मराठी धावतं समालोचन करून न दिसणारं मैदान महाराष्ट्राच्या कानांसमोर उभं केलं. चेंडू कुठून कुठे गेला, कोण धावला, हे नेमक्या क्रमानं आणि वेळेत सांगणं, म्हणजे एडीचं निम्मं शिक्षण.

यंत्राच्या आवाजानं काम स्वस्त होईल असं सुचवलं जातं. परदेशात काही सेवा कृत्रिम आवाज वापरू लागल्यात, आणि काहीच नसण्यापेक्षा तेही चालेल. मात्र मराठीत ‘च’ आणि ‘ज’ प्रत्येकी दोन तऱ्हांनी उच्चारले जातात. दुनियेचा ‘जग’ वेगळा आणि जगण्यातला ‘जग’ वेगळा. यंत्र चुकलं की ऐकणारा त्या शब्दावर अडखळतो आणि तेवढ्यात पुढचं वाक्य निघून जातं. निदान लिहिणारा आणि तपासणारा माणूस असावा, आणि तपासणाऱ्यांत एक तरी दृष्टिहीन असावा. त्यानं चित्राचा आधार न घेता भाग ऐकायचा आणि कुठे हरवलो ते सांगायचं. ही पायरी गाळली की डोळसाला ‘सगळं आलंय’ असं वाटतं आणि दोन पात्रं एकमेकांत मिसळलेली राहतात.

ध्वनिमुद्रणातली सगळ्यात मोठी अडचण म्हणजे आपलं पार्श्वसंगीत. ते थांबतच नाही. म्हणून वाहिनीनं संवाद, संगीत आणि इतर आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर द्यायला हवेत. वर्णन सुरू व्हायच्या अर्धा सेकंद आधी फक्त संगीत साधारण 6 ते 10 डेसिबलनं खाली घ्यायचं आणि वाक्य संपलं की हळूच वर न्यायचं. सगळा मिळून एकच ट्रॅक दिला तर संगीताबरोबर दाराची कडी, पावलं, बांगड्याही दबतात, आणि नेमक्या त्याच आवाजांवर दृष्टिहीन प्रेक्षकाची भिस्त असते. वयानं ज्यांना ऐकूही कमी येतं, त्यांना तर चढ्या संगीतावर बसवलेलं वर्णन निरुपयोगी आहे.

राहिला वेळेचा आक्षेप. इथल्या मालिका काही आठवडे आधी चित्रित होतात. आपल्याकडे भाग प्रसारणाला टेकल्यावर हाती येतो. खरं आहे. मग रात्रीच्या पहिल्या प्रसारणाचा हट्ट नको. दुसऱ्या दिवशीच्या पुनःप्रसारणाला आणि वाहिनीच्या अ‍ॅपवर एडी द्या. एक दिवस उशिरा चालेल; चार भाग अंधारात काढण्यापेक्षा ते बरं.

आणि ते घरात पोचवायचं कसं? ब्रिटनमध्ये फ्रीव्ह्यूवर, म्हणजे अँटेनावर मोफत दिसणाऱ्या सेवेवर, वर्णनाचा आवाज स्वतंत्र येतो आणि त्याच्याबरोबर मूळ आवाज किती खाली घ्यायचा याच्या सूचना येतात. मिसळण्याचं काम टीव्ही संच करतो. उपग्रहावर मात्र मिसळलेला ट्रॅकच येतो. आपल्याला दुसरी पद्धत सोयीची, कारण तिच्यासाठी नवा संच लागत नाही. आपल्या डीटीएचवर एकाच वाहिनीचे हिंदी, तमिळ, तेलुगू असे अनेक आवाज आजही येतात आणि रिमोटवरून बदलता येतात. एडी हा त्यातला आणखी एक ‘भाषा’ पर्याय. 64 ते 128 किलोबिटचा मोनो ट्रॅक पुरतो, चित्राच्या मानानं काहीच नाही.

बिघडतं ते पुढे. केबलवाल्याच्या हेडएंडला, म्हणजे जिथून तो घराघरात वाहिन्या पाठवतो तिथे, सिग्नल पुन्हा एन्कोड करताना दुसरा ऑडिओ गाळला जाऊ शकतो. वाहिनी बदलली की काही सेट-टॉप बॉक्स मूळ भाषेवर परत जातात. आणि मेन्यू बोलत नसेल तर तो पर्याय शोधायला पुन्हा डोळस माणूसच लागतो. ऑफकॉमनं 2018 मध्ये कार्यक्रम-मार्गदर्शिकेचे नियम बदलून बोलणाऱ्या मेन्यूची अपेक्षा घातली ती याच कारणानं. आपल्याकडे रिमोटच्या एका बटणाला थेट एडी जोडलं तरी काम होईल. बटणावर उंचवटा असावा, दाबल्यावर ‘वर्णन सुरू’ असं ऐकू यावं.

यंत्रणा किती नाजूक असते ते 25 सप्टेंबर 2021 ला लंडनमध्ये दिसलं. वाहिन्यांचं प्रसारण सांभाळणाऱ्या रेड बी मीडिया या कंपनीच्या केंद्रात आग विझवणारी गॅसची यंत्रणा सुरू झाली आणि त्या धक्क्यानं सर्व्हर निकामी झाले. चॅनल 4 चं चित्र राखीव यंत्रणेवर लवकर सुरू झालं. सबटायटल्स, एडी आणि सांकेतिक भाषा मात्र कित्येक आठवडे विस्कळीत राहिल्या, कारण त्यांच्यासाठीची राखीव सोय कामी आली नाही. ऑफकॉमनं नंतर चौकशी केली. करार करताना ‘चित्राला जेवढा बॅकअप, तेवढाच वर्णनाला’ हे एक वाक्य मराठी वाहिन्यांनी आजच घालून ठेवावं. दुसरं वाक्य मालकीचं: मालिका एका अ‍ॅपवरून दुसऱ्यावर गेली की एडीचा ट्रॅकही तिच्याबरोबर जाईल. इथे तो पुष्कळदा मागेच राहतो आणि तेच वर्णन पुन्हा करावं लागतं किंवा होतच नाही.

पहिलं पाऊल सह्याद्री वाहिनीनं टाकावं. सार्वजनिक वाहिनी आहे, कलम 42 ची जबाबदारी सरकारवर आहे, आणि जुन्या मराठी मालिकांचा साठा तिच्याकडे आहे. जुन्या भागांना प्रसारणाची घाई नसते, संवादांत शांतता जास्त असते, आणि नव्या लेखकांना हात बसवायला तेच बरं. एक मालिका, 13 भाग, चार लेखक, दोन आवाज आणि तपासायला दोन दृष्टिहीन श्रोते एवढ्यावर हे सुरू होऊ शकतं. मराठी चित्रपटांना राज्य सरकार ‘अ’ आणि ‘ब’ दर्जा ठरवून अनुदान देतं. त्या अर्जात एडीचा ट्रॅक जोडण्याची अट घालायला नवा कायदा लागत नाही.