खुलासा: मार्सियानोने अलीला कधीच नॉकआउट केलेलं नाही

रत्नागिरी-चिपळूणकडच्या बॉक्सिंग ग्रुपांवर एक क्लिप फिरते आहे: 1950 च्या दशकातला हेवीवेट विश्वविजेता रॉकी मार्सियानो तेराव्या फेरीत मुहम्मद अलीला आडवा करतो. ही लढत झालेलीच नाही. मार्सियानो 1956 मध्ये निवृत्त झाला, अली 1960 मध्ये व्यावसायिक झाला. 1969 मध्ये दोघांनी मायामीत एकेका मिनिटाच्या फेऱ्या आणि वेगवेगळे शेवट एका चित्रपटासाठी कॅमेऱ्यासमोर वठवले; क्लिप त्यातलीच. निकाल संगणकाच्या गणितावर ठरला. अमेरिकेत मार्सियानो जिंकला, युरोपातल्या प्रतीत मात्र अली! मार्सियानोच्या डोक्यावरचा केसांचा टोप (विग) नीट बघा, क्लिप ओळखता येईल.

दुसरं, ‘मार्सियानो 49-0 (49 लढती, एकही हार नाही), म्हणजे तो टायसन-फोरमन या नंतरच्या हेवीवेट विजेत्यांनाही लोळवेल’ हे फारच घाईचं. 1952 मध्ये तेव्हाचा विजेता वॉलकॉट याच्याविरुद्ध मार्सियानो तिन्ही पंचांच्या गुणपत्रकांवर मागे होता. त्याचा प्रसिद्ध उजवा ठोसा बसला तेराव्या फेरीत, म्हणजे 15 फेऱ्यांची लढत होती म्हणून तो वाचला. आजच्या 12 फेऱ्यांत गुणांवर हरला असता. शिवाय त्याचं वजन तेव्हा जेमतेम 84 किलो. क्रूझरवेटची (हेवीवेटच्या खालच्या वजनगटाची) आजची मर्यादाच 90.7 किलो आहे, आणि विजेतेपद घेताना फोरमन व टायसन दोघेही शंभरीच्या आसपास होते.