रिची इव्हान्स ‘गल्लीतला चॅम्पियन’? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार.

रिची इव्हान्स म्हणजे अमेरिकेतल्या नॅसकार या मोटारशर्यत संस्थेच्या ‘मॉडिफाइड’ गटात (छोट्या अंडाकृती ट्रॅकवर फक्त डावीकडे वळत धावणाऱ्या, शर्यतीसाठी बदललेल्या गाड्यांचा गट) नऊ वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला ड्रायव्हर. त्याच्यावरच्या माझ्या लेखाखाली ‘एक स्पष्टवक्ता’ या नावाने आलेली प्रतिक्रिया अनेकांनी वाचली असेल. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी तिचा मुख्य भाग इथे देतो (त्यातलं डेटोना म्हणजे नॅसकारच्या सगळ्यात वरच्या गटाच्या शर्यतींचा मोठा ट्रॅक):

“नऊ वेळा चॅम्पियन, पण कुठला? गल्लीतला. डेटोनाच्या मोठ्या शर्यतींत उतरायची हिंमत नाही म्हणून शनिवारच्या जत्रेतल्या शर्यती जिंकत राहिला. जो जास्त शर्यती धावेल त्याला जास्त गुण, मग चॅम्पियन होणारच. गाडी फक्त डावीकडे वळवायची आणि मोठं इंजिन बसवायचं, यात कारागिरी कसली? आणि एवढीच गाडी कळत होती तर सरावात भिंतीवर कशी आपटली? रणजीपटूला तेंडुलकर म्हणण्यातला प्रकार. लेख हास्यास्पद.”

स्पष्टवक्ते साहेब, मतभेदाचं मला काही वाटत नाही. पण ज्या माणसाचा सरावात जीव गेला त्याच्याबद्दल ‘कशी आपटली’ असं विचारणं हा स्पष्टवक्तेपणा नव्हे. आपल्याकडे त्याला दुसरा शब्द आहे, तो मी इथे लिहीत नाही. टोपणनाव घेतलं की जिभेचा लगाम सुटतो, हे या ब्लॉगवर नवं नाही. प्रश्न साध्या भाषेत विचारला असता तर साध्या भाषेत उत्तर मिळालं असतं. असो.

एक मुद्दा आधीच मान्य करतो, म्हणजे ‘लेखकाला टीका सहन होत नाही’ हे पुढचं वाक्य टळेल. गुणांबद्दल तुम्ही म्हणता त्यात तथ्य आहे. १९८५ पूर्वी नॅसकारच्या मॉडिफाइड गटाचं राष्ट्रीय विजेतेपद ठरायचं ते वेगवेगळ्या ट्रॅकवरच्या मान्यताप्राप्त शर्यतींत जमवलेल्या गुणांवर. जो आठवड्यात तीन ठिकाणी धावेल त्याला फायदा, हे उघड आहे. मात्र ती मुभा सगळ्यांनाच होती. शिवाय १९७९ मध्ये इव्हान्सने ६० शर्यतींपैकी ३७ जिंकल्या. हे नुसतं प्रमाण आहे, शेकडा ६१ च्या वर. जास्त धावून प्रमाण वाढत नाही. १९८५ मध्ये पद्धत बदलली, ठरावीक शर्यतींची एकच मालिका झाली, सगळ्यांना तेच वेळापत्रक. तेव्हाही बारा शर्यती त्याने जिंकल्या आणि विजेतेपद त्याचंच. म्हणजे तुमचा मुद्दा खरा, पण त्यातून तुम्ही काढलेला निष्कर्ष खोटा.

आता ज्या वाक्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. “गाडी फक्त डावीकडे वळवायची आणि मोठं इंजिन बसवायचं, यात कारागिरी कसली?” माझं निम्मं आयुष्य गॅरेजमध्ये गेलंय, स्टॅफर्ड ट्रॅकच्या पिटमध्ये (शर्यतीच्या वेळी गाड्यांचं काम करायच्या जागेत) टायरभोवती टेप गुंडाळून परीघ मोजलेत. त्यामुळे या वाक्यावर गप्प बसणं मला जमणार नाही.

गाडी फक्त डावीकडे वळते म्हणूनच तिची जुळवणी अवघड असते. रस्त्यावरच्या गाडीला दोन्ही बाजूंना सारखंच वळायचं असतं, म्हणून तिचं सगळं सममित. मॉडिफाइड गाडीत काहीच सममित नसतं. मागच्या धुऱ्यात डिफरन्शियल नाही, स्पूल असतो, म्हणजे दोन्ही मागची चाकं एकाच वेगाने फिरतात. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं. मग काय करायचं? उजवं मागचं टायर डाव्यापेक्षा मोठं घ्यायचं. दोघांच्या परिघातला हा फरक म्हणजे स्टॅगर. हिशोब करून बघा: उजव्या टायरचा परीघ ८४ इंच, मागच्या दोन चाकांच्या मध्यांमधलं अंतर साडेपाच फूट, वळणाची त्रिज्या १९० फूट. ८४ गुणिले साडेपाच भागिले १९०, म्हणजे जवळजवळ २.४ इंच. त्रिज्या ३०० फूट झाली की तोच आकडा दीड इंचावर येतो. प्रत्यक्षात गाडी आतल्या कडेला चिकटून धावत नाही, वळण उघडत जाते, म्हणून कागदावरच्यापेक्षा थोडा कमीच ठेवतात.

स्टॅगर कमी पडला तर धुरा गाडीला सरळ ढकलत राहतो आणि नाक वळत नाही. जास्त झाला तर सरळ पट्ट्यावरही गाडी डावीकडे ओढते, रबर घासून तापतं, आणि वळणातून बाहेर पडताना मागचा भाग सुटतो. त्यात त्या काळची टायर्स बायस-प्लाय (आतले धागे तिरके असलेली, जुन्या बांधणीची), हवा आणि उष्णतेने फुगणारी. उजवं मागचं टायर सगळ्यात जास्त तापतं, म्हणून शर्यत पुढे जाते तसा स्टॅगर आपोआप वाढतो. पहिल्या दहा फेऱ्यांत झकास धावणारी गाडी पन्नासाव्या फेरीत हातात राहत नाही. हे ठाऊक असलेला माणूस सुरुवातीला गाडी किंचित घट्ट, म्हणजे नाक सहज वळणार नाही अशी, ठेवतो आणि पहिल्या फेऱ्यांत मागे पडला तरी घाबरत नाही. गॅलरीतल्या माणसाला ते ‘नशीब’ वाटतं.

दुसरी गोष्ट वेजची. चार चाकांखाली चार काटे ठेवून वजन करतात. उजव्या पुढच्या आणि डाव्या मागच्या चाकावरचं वजन मिळून एकूण वजनाच्या किती टक्के, तो आकडा म्हणजे वेज. डाव्या मागच्या स्प्रिंगवरचा जॅक बोल्ट आवळला की त्या चाकावरचं आणि तिरक्या कोपऱ्यावरचं वजन वाढतं, उरलेल्या दोघांवरचं तितकंच घटतं, आणि गाडी घट्ट होते. बोल्ट कितीही फिरवा, डाव्या बाजूची एकूण टक्केवारी किंवा मागची एकूण टक्केवारी बदलत नाही. ती बदलायची तर वजनासाठी गाडीत बसवलेलं शिसं हलवावं लागतं, इंजिन किंवा टाकी सरकवावी लागते. नवशिक्यांचे महिने इथेच वाया जातात.

वजन करण्याचाही क्रम आहे. जमीन पातळीत. काट्यांखालच्या फरशीत पाव इंच फरक असला तरी आकडे खोटे येतात. टायरमध्ये शर्यतीचीच हवा, टाकीत ठरलेलं इंधन, सीटवर ड्रायव्हर किंवा त्याच्या वजनाची पोती, अँटी-रोल बारचा (वळणावर गाडी कलू नये म्हणून दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांडीचा) एक दुवा मोकळा. जॅकवरून उतरवल्यावर गाडी पुढेमागे ढकलून सस्पेन्शन बसू द्यायचं, मग वाचन घ्यायचं. आणि सगळ्यात जास्त होणारी चूक: गाडी घट्ट आहे म्हणून उजवं मागचं टायर मोठं लावलं. त्याने स्टॅगर वाढला, ठीक. पण तो कोपरा उंचही झाला, म्हणजे त्यावरचं वजन वाढलं आणि वेज आपोआप कमी झालं. एका बदलात दोन परिणाम, दोन्ही एकाच दिशेने. मघाशी न वळणारी गाडी आता पहिल्याच वळणावर उलटं तोंड करून उभी! स्टॅगर बदलला की वेज पुन्हा लावायचं, हा नियम.

‘मोठं इंजिन’ म्हणालात, तर तेही ऐका. या गाड्यांना मागे क्विक-चेंज धुरा असतो. मागचं झाकण काढलं की दोन दात्यांची चक्रं हाताशी येतात. धुऱ्यातली मूळ जोडी ४.८६ ची असेल आणि ही चक्रं २९ व २६ दात्यांची, तर एकूण गुणोत्तर ५.४२, म्हणजे चाकाच्या एका फेरीला इंजिनच्या ५.४२ फेऱ्या. टायरचा परीघ ८४ इंच धरला तर ताशी ११० मैलांना इंजिन मिनिटाला साडेसात हजार फेऱ्यांवर. हीच दोन चक्रं अदलाबदल करून बसवली की गुणोत्तर ४.३६, आणि त्याच साडेसात हजारांवर वेग १३७ मैलांच्या जवळ. इंजिन तेच, झाकण तेच, दहा मिनिटांचं काम. दाते चुकीचे निवडले तर दुप्पट ताकदीचं इंजिनही सरळ पट्ट्याच्या मध्यावरच फुगून ओरडत बसतं, नाहीतर वळणातून बाहेर येताना झोपतं. ही चक्रं जोडीनेच येतात. वेगवेगळ्या जोड्यांतली दोन एकत्र बसवली की दाते खातात. झाकणाचं गॅस्केट नीट बसलं नाही तर तेल मागच्या टायरवर, आणि मग पुढचं सांगायला नको.

हे एका ट्रॅकचं झालं. इव्हान्स ज्या वर्तुळात फिरायचा त्यात स्टॅफर्ड अर्ध्या मैलाचा, थॉम्पसन ०.६२५ मैलाचा आणि वळणांवर चांगल्या चढाचा (बाहेरची कड उंच), मार्टिन्सव्हिल ०.५२६ मैलाचा, पण आकार कागदाच्या क्लिपसारखा: लांब सरळ पट्टे, बारा अंशांचा जेमतेम चढ, वळणांवर काँक्रीट. तिथे प्रत्येक फेरीत दोनदा कचकचून ब्रेक. ब्रेकमधला द्रव उकळला की पेडल जमिनीला टेकतं, म्हणून पुढच्या ब्रेकला हवेच्या नळ्या आणि पुढेमागे दाबाचं वाटप दर वेळी नव्याने. न्यूयॉर्क राज्यातल्या त्याच्या रोम गावाहून स्टॅफर्ड दोनशेहून जास्त मैल, मार्टिन्सव्हिल सहाशेहून जास्त. एका ट्रॅकवरची जुळवणी दुसऱ्यावर निरुपयोगी. दुपारी तापलेलं डांबर रात्री थंड झालं की पकड बदलते आणि गाडी घट्ट होते. कारखान्याचे अभियंते सोबत नाहीत, गावातलं गॅरेज आणि चार माणसं. प्रादेशिक ड्रायव्हरची कारकीर्द म्हणजे हे सगळं, आणि मग वर गाडी चालवणं. याला ‘जत्रा’ म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

हिंमतीबद्दल फार लिहीत नाही. १९८१ मध्ये मार्टिन्सव्हिलला शेवटच्या फेरीत इव्हान्स आणि जेफ बोडाइन एकमेकांना भिडले. इव्हान्सची गाडी भिंतीवर चढली आणि तीन चाकांवर रेषा ओलांडून जिंकली. हाच बोडाइन १९८६ मध्ये डेटोना ५०० जिंकला. मॉडिफाइडमधूनच वर आलेल्या ग्रेग सॅक्सने १९८५ च्या जुलैत डेटोनालाच फायरक्रॅकर ४०० ही शर्यत मारली. इव्हान्सनंतर १९८६ व १९८७ ला मॉडिफाइडचा चॅम्पियन झालेला जिमी स्पेन्सर पुढे १९९४ मध्ये डेटोना आणि टॅलाडेगा या मोठ्या ट्रॅकवर जिंकला. ज्यांना तुम्ही मोठे मानता ते याच गल्लीतून गेले. आणि १९७१ ते १९८५ ही पंधरा वर्षं विजेतेपद रोम या एकाच गावात राहिलं, सहा वेळा जेरी कुककडे, नऊ वेळा इव्हान्सकडे. गल्ली असेलही, पण नंबर बघा.

रणजीचा टोला तुम्हीच काढलात. मग पद्माकर शिवलकरांचं नाव घ्या. प्रथम श्रेणीत ५८९ बळी, कसोटी एकही नाही. शिवाजी पार्कात उभं राहून त्यांना ‘गल्लीतला बोलर’ म्हणून दाखवा आणि काय होतं ते मला कळवा.

उरला तो अपघात. २४ ऑक्टोबर १९८५, मार्टिन्सव्हिल, सराव. त्या हंगामाचं विजेतेपद त्याच्या खात्यात आधीच जमा झालं होतं. तिसऱ्या वळणावर गाडी भिंतीवर गेली. त्या काळच्या मॉडिफाइडच्या चेसिसच्या (सांगाड्याच्या) मुख्य दांड्या पुढपासून मागपर्यंत सरळ आणि कडक असायच्या. सरळ दांडी वाकत नाही, म्हणून धडकेचा सगळा जोर गाडीच्या लोखंडात न जिरता थेट सीटवरच्या माणसापर्यंत पोहोचतो. १९८७ मध्ये चार्ली जार्झॉम्बेक मार्टिन्सव्हिललाच आणि कॉर्की कुकमन थॉम्पसनला, असे आणखी दोन मॉडिफाइड ड्रायव्हर अपघातात गेले. मग दांड्यांना मुद्दाम बाक देण्यात आला, म्हणजे धडकेत त्या दुमडतील आणि जोर वाटेतच खर्च होईल. हा दोष एका माणसाच्या गाडीचा नव्हता, सगळ्या गटाच्या बांधणीचा होता. ‘गाडी कळत होती तर’ हे वाक्य लिहिण्याआधी पाच मिनिटं शोध घेतला असता तर एवढं तुम्हालाही सापडलं असतं.

नॅसकारने मॉडिफाइड मालिकेतला इव्हान्सच्या गाडीचा ६१ क्रमांक निवृत्त केला आणि २०१२ मध्ये इव्हान्सला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, कॅल यारबरो आणि डॅरेल वॉलट्रिप या वरच्या गटातल्या दिग्गजांच्या सोबत एकाच तुकडीत. नॅसकारलाही लेख लिहून कळवा की निवड हास्यास्पद आहे.

बाकीच्या दोन ओळींना उत्तर देत नाही. ज्या वाचकांनी टायरच्या किमतींबद्दल विचारलंय त्यांच्यासाठी वेगळं लिहीन. स्पष्टवक्ते साहेब, स्टॅगरचा किंवा दात्यांचा हिशोब चुकलाय असं वाटत असेल तर आकडे मांडून खाली टाका, मी पुन्हा तपासून उत्तर देईन. नुसतं विशेषण पाठवलंत तर यापुढे प्रसिद्ध करणार नाही.