गच्चीची चाबी कोणाकडे आहे?

फ्लॅट स्कीममध्ये राहणाऱ्या माणसानं संकटाची चिंता करू नये. ती बंगलेवाल्यांनी करावी. त्यांचं गेट एक, कुलूप एक आणि शिव्या खायला माणूसही एकच. आपल्या स्कीममध्ये चोवीस फ्लॅट. जबाबदारी चोवीस घरांत वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला एवढीशी येते, की मेंटेनन्सच्या पावतीवर तिला रकानासुद्धा लागत नाही. तरी हल्ली काही नवे भाडेकरू उगाच विचारतात, "भाऊ, उद्या आग-बिग लागली तर काय करायचं?" त्यांच्यासाठी हे चार अनुभवाचे बोल.

आधी गच्चीची चाबी. (किल्ली म्हणणारे लोक पुण्याकडे राहतात.) गच्चीला कुलूप पाहिजेच. संक्रांतीला पोट्टे वर चढून पतंग उडवतात, मे महिन्यात कोणाच्या तरी सासूबाई सांडगे घालतात, आणि एकदा टाकीमागे बिअरची रिकामी बाटली सापडली होती. बाटली कोणाची ते आजतागायत कळलं नाही, पण कुलूप त्याच संध्याकाळी लागलं. अग्निशमनवाले म्हणतात, जिन्यात धूर भरला की तो वर चढतो, गच्चीचं दार बंद असलं तर तिथेच कोंडतो, आणि खालून वाट बंद झालेली माणसं धावत वर येऊन त्या कुलपापाशी उभी राहतात. त्यांचं बरोबर असेल. पण बाटलीचं काय?

घराची सुरक्षा आपण नागपूरकर मनावर घेतो, त्यात नाव ठेवायला जागा नाही. बाहेर लोखंडी जाळीचं दार, त्याला कुलूप. आत सागवानी दार, त्याला लॅच, वर कडी, खाली कडी. बाल्कनीला छतापासून कठड्यापर्यंत ग्रिल. ग्रिलवाला बिचारा विचारतो, "साहेब, एक पल्ला उघडता ठेवू का?" आपण भाव विचारतो आणि नको म्हणतो. उरते हॉलची एक मोठी खिडकी. तिच्यात होळी झाली की कूलर बसतो. चोर बाहेर, आपण आत, आणि मधे वाळ्याची ताटी. झाला किल्ला पूर्ण.

कूलरचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबू, कारण नागपुरात संकट बहुतेक वेळा थंड हवा देत येतं. लोखंडी डब्यात पाणी, पाण्यात पंप, पंपाला दोन ठिकाणी टेप गुंडाळलेली वायर, आणि हे सगळं दुरुस्त करणारे आपण, अनवाणी, ओल्या फरशीवर. दर उन्हाळ्यात या शहरात कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याची बातमी येते आणि आपण ती कूलरसमोर बसून वाचतो. पाणी भरताना प्लग काढावा असं म्हणतात. काढू नये. दोन मिनिटं हवा बंद होते आणि आतून बाबा ओरडतात. मीटरनंतर ३० मिलिअँपिअरला तुटणारा ब्रेकर बसवला तर शॉक जीव घ्यायच्या आत वीज जाते म्हणे. आमच्याकडे एकानं बसवला होता. तो वारंवार पडायचा, म्हणजे कुठेतरी गळती आहे हे प्रामाणिकपणे सांगायचा. इलेक्ट्रिशियननं त्याला बायपास केलं. आता कटकट नाही.

३० मे २०२४ ला रामदासपेठेकडच्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले तेव्हा गावभर कसा उत्साह होता आठवा! पुढे हवामान खात्यानं सेन्सर बिघडल्याचं सांगितलं आणि लोक खरंच हिरमुसले. आपल्याला संकट चालतं, ते विक्रमी मात्र असावं.

मृगाचा पाऊस लागला की कूलर खिडकीतून निघतो आणि जिन्यात जातो. जिना ही बिल्डरनं आपल्याला फुकट दिलेली खोली आहे. तिच्यात चपलांचा रॅक, तुळशीची कुंडी, मोठा झालेल्या मुलाची छोटी सायकल आणि पहिल्या मजल्यावरच्यांचा लग्नातला सोफा, एवढं सहज मावतं. अंधारात, धुरात, म्हाताऱ्या आईला धरून उतरताना मधे टेकायला सोफा असला तर बरंच आहे. मीटरच्या खोलीत रद्दी ठेवावी. ती कोरडी राहते. इलेक्ट्रिक स्कूटर रात्रभर तिथेच चार्जिंगला लावली की पेटायला लागणारं सगळं सामान एका छताखाली येतं आणि अग्निशमन दलाला शोधाशोध करावी लागत नाही.

भिंतीवरची लाल सिलिंडरं तुम्ही पाहिली असतीलच. दसऱ्याला आपण त्यांना झेंडूचा हार घालतो, तो दिवाळीपर्यंत राहतो. वर घड्याळासारखा काटा असतो. तो हिरव्या पट्ट्यात असला तर सिलिंडर भरलेलं. आमचा काटा लाल पट्ट्यात आहे, आणि सिलिंडरही लालच असल्यामुळे ते शोभून दिसतं. पिन ओढायची, नळी ज्वाळांच्या बुडाशी धरायची, दांडा दाबून इकडून तिकडे फिरवायची, एवढंच काम. पण सहा किलोचं सिलिंडर जेमतेम पंधरा-वीस सेकंद चालतं, आणि तेवढा वेळ आपल्याकडे सूचना वाचायलाच लागतो. म्हणून शिकायच्या भानगडीत पडू नका. शेजारच्या काचेच्या पेटीत पाण्याचा पाइप असतो. त्याचं पितळी नोझल कधीच भंगारात गेलं. पेटीत सध्या झाडूवालीचा झाडू आणि फिनेलची बाटली असते. पेटी तरी वापरात आहे.

महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे. त्याप्रमाणे ही सगळी यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचं असतं. त्याला फॉर्म बी म्हणतात. आमच्या आमसभेत एकानं हा विषय काढला होता. "फॉर्म ए भरला होता का आपण?" असा प्रतिप्रश्न आला, त्यावर अर्धा तास चर्चा झाली आणि शेवटी गेटला कोणता रंग द्यायचा हे एकमतानं ठरलं.

लिफ्टचंही सांगून टाकतो. वीज गेली की लिफ्ट जवळच्या मजल्यावर आणून दार उघडणारं यंत्र तिला बसवलेलं असतं. त्याची बॅटरी संपली की ते यंत्र फक्त कोटेशनमध्ये उरतं. गेल्या वर्षी चौथ्या मजल्यावरच्या काकू दोन मजल्यांच्या मधोमध अडकल्या, हातात तर्री पोह्यांचा डबा. फटीतून सगळ्यांनी सल्ले दिले. कोणी म्हणालं बटणं दाबत राहा, कोणी म्हणालं उडी मारून पाहा. एका दादानं दार फाकवून "या काकू, मी धरतो" असंही सुचवलं. अर्ध्यात अडकलेल्या लिफ्टमधून असं बाहेर पडताना लिफ्ट हलली तर काय होतं, हे त्यानं पाहिलेलं नसावं. नशीब, काकूंनीच त्याला झापलं. लिफ्टवाल्याचा नंबर लिफ्टच्या आत, त्यांच्या डोक्यावर, चिकटवलेला होता आणि काकूंचा चष्मा घरी. चाळीस मिनिटांनी त्या बाहेर आल्या तेव्हा पहिलं वाक्य होतं, "पोहे थंड झाले न बाप्पा."

गॅसचा वास आला तर आधी लाइट लावून बघा. अंधारात गळती कशी दिसणार? हा वायू हवेपेक्षा जड असतो, फरशीलगत साचतो, बटणाची एक ठिणगी पुरते, म्हणून रेग्युलेटर बंद करून, खिडक्या उघडून, बाहेर येऊन १९०६ ला फोन करावा, वगैरे सिलिंडरच्या कागदावर लिहिलेलं असतं. तो कागद आपण फ्रीजखाली, फ्रीज डुगडुगू नये म्हणून, घडी करून ठेवतो. भूकंपाचं तर नावच नको. मे १९९७ मध्ये जबलपूरला झाला त्या रात्री आमच्या जुन्या घरातली मांडणीवरची भांडी वाजली. आई झोपेत म्हणाली, "मांजर असंल." आम्ही झोपलो. तेव्हापासून आमच्या घरचं भूकंप धोरण तेच आहे.

पुराबद्दल मात्र आपल्याला कोणी शिकवायला नको. ज्या नदीवरून गावाला नाव मिळालं तिला नाला म्हणणारे आपण. २२ सप्टेंबर २०२३, घरोघरी महालक्ष्म्यांचं जेवण. सोळा भाज्या, पुरणपोळी, आंबील, नागपूर पोट धरून झोपलेलं. मध्यरात्रीनंतर पाऊस आला तो काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी आपल्या जुन्या जागा शोधत निघाली आणि तिला तिथे अंबाझरी लेआऊट, डागा लेआऊट, कॉर्पोरेशन कॉलनी सापडली. सीताबर्डीच्या तळघरांतली दुकानं भरली, मोरभवन बसस्थानकात एसट्या बुडाल्या. पहाटे माणसं काढायला बोटी आल्या, सैन्य आलं. चार माणसं गेली. त्यात आपला विनोद चालत नाही, तो इथेच थांबवतो.

वरच्या मजल्यावरच्या आपण मंडळींनी त्या पहाटे काय केलं, ते मात्र सांगण्यासारखं आहे. ग्रुपवर पहिला मेसेज चार वाजून काही मिनिटांनी आला: "पार्किंगमध्ये पाणी आहे का?" दुसरा: "कोणाकडे चौकीदाराचा नंबर आहे?" तिसरा गुलाबाच्या फुलासह शुभ सकाळ. चौकीदार तेव्हा स्वतःच्या गादीवर उभा राहून, छातीभर पाण्यात, प्रत्येक फ्लॅटची बेल वाजवायचा प्रयत्न करत होता, पण वीज गेल्यावर बेल वाजत नाही. तळमजल्यावरच्या आजोबांना दोघांनी खुर्चीसकट उचललं. आपण टॉर्च धरला आणि दुसऱ्या हातानं व्हिडिओ काढला. ११२ ला फोन करायचा कोणाला सुचलं नाही. सगळ्यांना वाटलं, दुसऱ्यानं केला असेल. चोवीस घरं आहेत न!

मीटर तळमजल्यावर, पाण्याचा पंप तळमजल्यावर, जनरेटर त्याच्याहून खाली. जमिनीखालच्या टाकीत गटाराचं पाणी शिरलं आणि सोसायटीच्या वॉटर प्युरिफायरनं आयुष्यात पहिल्यांदा हात टेकले. पंधरा दिवस आपण सगळे एकमेकांना ओळखत होतो. नावं कळली, कोणाला शुगर, कोणाला इनहेलर लागतो तेही कळलं. मग मीटर पुन्हा बसवायची वेळ आली. माणूस म्हणाला, "थोडे वर घेऊ का?" पण भिंतीवर जुने नंबर लिहिलेले होते, ते फुकट गेले असते. त्याच भिंतीवर, त्याच उंचीवर बसवले. पाण्याची रेघ दिवाळीआधी डिस्टेंपरखाली गेली. फिकट पिवळा, छान दिसतो.

आता कोणी म्हणतं, कोणत्या मजल्यावर कोण चालू शकत नाही, कोण ऑक्सिजनवर आहे याची यादी करून ठेवावी. करू नये. लोकांना ते खासगी वाटतं. मेंटेनन्स कोणी थकवला याची यादी लिफ्टशेजारी मोठ्या अक्षरात लावलेली आहे, तेवढी पुरे. कोणी म्हणतं टॉर्च, औषधं, पाण्याच्या बाटल्या, आधार कार्डाच्या प्रती, थोडे सुटे पैसे अशी पिशवी दाराशी असावी. आमच्याकडे तशी पिशवी होती. पाहुणे आले तेव्हा टॉर्चचे सेल घड्याळाला लागले, सुटे पैसे दूधवाल्याला गेले आणि पिशवी भाजीला.

तसं पाहिलं तर आपल्याकडे शहराच्या पातळीवर एक जुनी आणि आजमावलेली व्यवस्था आहेच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पिवळी आणि काळी मारबत, म्हणजे दोन मोठे पुतळे, मिरवणुकीनं निघते, आणि सगळं गाव ओरडतं, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" तिला दरवर्षी एवढं ओझं नेताना पाहून वाटतं, जिन्यातला सोफाही तिच्यासोबत द्यावा.

राहिली चाबी. नव्या भाडेकरूनं परवा चौकीदाराला विचारली. चौकीदार म्हणाला सचिवसाहेबांकडे. सचिव म्हणाले केबलवाल्याला दिली होती. केबलवाला म्हणाला, मी तर खजिनदारांच्या हातात दिली, गणपतीच्या आधी.

खजिनदार म्हणजे मीच. चाबी सुरक्षित आहे, बेडरूमच्या लोखंडी कपाटात, लॉकरच्या खणात. घराला कुलूप आहे, वरची कडी, खालची कडी, जाळीचं दार, सगळं नीट पाहून निघालो. सध्या पुण्याला मुलीकडे असतो. दिवाळीनंतर येतो, तोवर काही झालं तर ग्रुपवर टाका.