व्हिसा लागत नाही, पण...

‘स्वालबार्डला व्हिसा लागत नाही, कुणीही जाऊन राहावं’ हे उत्तर ध्रुवाजवळच्या या नॉर्वेच्या बेटांवरच्या लेखातलं वाक्य वाचून कुणी बॅग भरायला घेईल, म्हणून लिहितोय. कागदोपत्री ते खरंच आहे. सदस्य देशांच्या नागरिकांना तिथे राहायची मुभा देणाऱ्या १९२०च्या स्वालबार्ड करारात भारतही आहे. पण तिथलं मुख्य गाव लाँगयरब्येन, त्याची नेहमीची विमानं नॉर्वेच्या मुख्य भूमीवरूनच सुटतात, म्हणजे आपल्याला शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक) व्हिसा हवाच. तोही डबल एंट्रीचा, कारण स्वालबार्ड शेंगेनच्या बाहेर, म्हणजे परतताना नॉर्वेत दुसरा प्रवेश! आमच्या एजंटने हे सांगितलंच नव्हतं. ऐनवेळी कळलं तेव्हा तोंडचं पाणी पळालं. आणि राहायचं म्हणाल तर घर बहुधा नोकरीसोबतच मिळतं, बेकारभत्ता वगैरे काही नाही, स्वतःचं पोट भरता येत नसेल तर गव्हर्नर सरळ परत पाठवू शकतो.

‘कोळशाचं युग संपलं’ हे लेखातलं विधानही घाईचं वाटतं. तिथली नॉर्वेची शेवटची कोळशाची खाण २०२५मध्ये बंद झाली, मान्य. पण स्वालबार्डवरच्याच बारेंट्सबुर्ग गावात रशियन खाण आहेच की! बाकी कोळशाची धूळ आत येऊ नये म्हणून दारात बूट काढायची खाणकामगारांची सवय तिथे हॉटेलांत, म्युझियममध्ये अजून पाळतात. आपल्या मंडळींना मात्र हा नियम समजावून सांगावा लागत नाही.